तिसऱ्या मजल्यावरची दुपार

कौसाबाईंनी खुर्ची मांडली ती पश्चिमेच्या भिंतीला लावून. पदराच्या टोकाने ती पुसली, पंखा पाचावर केला आणि मग दार उघडलं. बाहेर तळमजल्यावरचे दिनानाथ एका हाताने कठडा धरून उभे होते. जिना चढल्याचा दम अजून बसला नव्हता.

"या भाऊ. बसा निवांत. चहा टाकलाय."

दिनानाथ पालिकेच्या पाणीपट्टी खात्यात हेडक्लार्क होते. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या या कामगार वसाहतीत त्यांची अर्धी हयात गेली होती. पण तिसऱ्या मजल्यावर ते यायचे ते कुणाच्या दुःखाला नाहीतर उत्सवाच्या वर्गणीला, आणि तेही सकाळी किंवा दिवेलागणीला, उंबऱ्यापाशी उभ्याउभ्या. भर दुपारी इथे कुणाकडे टेकण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. तो कौसाबाईंनी आणला होता. छताच्या कामाचं काय ते शेवटचं बोलू, माझ्याकडे चहाला या, असा निरोप त्यांनी त्या रविवारी सकाळीच दिनानाथांच्या बायकोकडे, मालिनीवहिनींकडे ठेवला होता.

होळी अजून व्हायची होती. तरी वरचा स्लॅब सकाळपासून तापत आला होता आणि पंखा ती धग तेवढी खाली ढकलत होता. दिनानाथांनी खुर्चीत पाठ टेकली आणि लगेच ते सरळ झाले. भिंत शर्टातून लागत होती. त्यांनी खुर्ची जराशी पुढे ओढली. कौसाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांना चहाची घाई दिसत नव्हती. मग दिनानाथांनी पाणी मागितलं. कौसाबाईंनी माठातलं दिलं, आणि नळाचं आत्ता पिण्यासारखं नसतं, टाकीतून चहाला ठेवल्यासारखं येतं, एवढं सांगून त्या पुन्हा ओट्याकडे वळल्या.

चहा आला तेव्हा दिनानाथांच्या कॉलरचं बटण उघडलेलं होतं. अर्धा कप त्यांनी प्यायला आणि उरलेला खाली ठेवला.

"रोज असंच असतं?"

"हे काहीच नाही भाऊ. मे महिन्यात या."

दिनानाथ हसले नाहीत. थोडा वेळ ते वर बघत राहिले. स्लॅबला गेल्या पावसाळ्यातल्या गळतीचे पिवळे डाग होते. मग उठले, आणि त्या इंजिनिअर मुलीला सांगून टाका, आमच्याकडून हो आहे, असं म्हणाले. बाहेर पडताना दाराशेजारच्या भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला आणि एखाद्याचा ताप बघावा तसा क्षणभर तिथेच राहू दिला.

पालिकेने त्या वर्षी जुन्या वसाहतींमधली वीज वाचवायचं काम हाती घेतलं होतं. छतावर ऊन परतवून लावणारा पांढरा लेप, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे, जिन्यातले दिवे बदलायचे, पाणी चढवणारी जुनी मोटर काढायची आणि घरोघरी कमी वीज खाणारे पंखे बसवायचे. ऋतिका नावाची तरुण इंजिनिअर त्यासाठी वसाहतीत फिरत होती. तिची अट एकच होती. इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांनी हो म्हणायला हवं. जी इमारत आधी तयार होईल तिथे उन्हाळ्यापूर्वी काम, बाकीच्यांचं पुढच्या वर्षी.

वरच्या मजल्यावरच्यांनी तिथल्या तिथे मान डोलावली होती. अडले ते खालचे. काम चालेल तेवढे दिवस टाक्या रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे पाणी बादल्यांनी भरायचं, आणि गारवा कुणाला, तर वरच्यांना. तळमजल्याचं सगळं दिनानाथांच्या शब्दावर चालायचं. कौसाबाई पालिकेच्या शाळेत शिपाई होत्या. सभेत उठून बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी चहाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दिनानाथांनी स्वतःच तळमजल्यावरच्या दारांवर टकटक केली. राहिली एकटी बनूबाई.

बनूबाई दुसऱ्या मजल्यावर राहायची. कॅम्प दोनमधल्या एका शेठसाठी ती पापड लाटून द्यायची, आणि मार्च-एप्रिल हे तिचे खरे दिवस. सगळी गच्ची तेव्हा तिच्या पापडांनी भरलेली असायची. काम सुरू झालं की गच्ची बंद. कौसाबाई तिच्याकडे गेल्या तेव्हा ती लाटत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

"आणि पापड काय मी डोक्यावर वाळवू?"

कौसाबाईंनी चार लाट्या तोडून दिल्या आणि त्या उठल्या. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी त्या समोरच्या इमारतीत गेल्या. तिथल्या बायकांशी बोलल्या, गच्चीचा एक कोपरा मागून घेतला आणि परत येऊन बनूबाईला म्हणाल्या की पाट्या मी उचलीन, तू फक्त बरोबर चल. पुढचे पंधराएक दिवस वसाहतीने रोज सकाळी हे दृश्य पाहिलं. पुढे बनूबाई प्लास्टिकच्या शीटची गुंडाळी घेऊन, मागे कौसाबाई डोक्यावर पाटी घेऊन, एक जिना उतरून दुसरा चढताहेत. गुडघे दुखायचे. बनूबाई वाटभर बोलायची, कौसाबाई ऐकायच्या.

एकदा ऋतिकाने त्यांना जिन्यात गाठलं. काम सुरू व्हायच्या आधी ती भिंतीवर लाल ठिपका पाडणाऱ्या यंत्राने घराघरातली उष्णता मोजत होती आणि कौसाबाईंच्या स्लॅबखाली आकडा पाहून तिने दोनदा मोजलं होतं.

"मावशी, तुम्ही एवढ्या मागे लागलात म्हणून ही बिल्डिंग पहिली आली. नाहीतर लोक बोलतात फक्त. तुम्हाला खूप त्रास होतो का उन्हाचा?"

"मला नाही गं. नातीला."

नात म्हणजे राजसी. कौसाबाईंचा मुलगा राजरत्न अंबरनाथला एका कारखान्यात पाळीवर जायचा. त्याची ही मुलगी. गेल्या एप्रिलमध्ये, पाच-सहा महिन्यांची असताना, या खोलीत तिला उन्हाचा ताप भरला. डॉक्टर म्हणाले, बाळाला थंड जागी ठेवा. दोन दिवसांनी राजरत्नची बायको मीनल तिला घेऊन बदलापूरला माहेरी गेली. मीनलच्या आईचं, रखमाबाईंचं घर तळमजल्यावर होतं, अंगणात जांभळाचं झाड होतं. तेव्हापासून दोघी तिकडेच. पावसाळ्यात पोर लहान होती, थंडीत तिला सर्दी होती, आणि थंडी सरते न सरते तोच पुन्हा ऊन आलं. राजरत्न सुट्टीच्या दिवशी बदलापूरला जायचा, बाकीचे दिवस आईकडे. वसाहतीत कुणी विचारलं की कौसाबाई वर स्लॅबकडे बोट दाखवायच्या. समोरच्याला लगेच पटायचं.

ऋतिकालाही पटलं. यंदा बाळ इथेच असेल, बघा, असं म्हणून ती वर गेली.

मार्च सरता सरता काम झालं. छत पांढरं झालं तेव्हा वसाहतीतली पोरं ते बघायला वर गेली आणि डोळे मिचकावत खाली आली. बनूबाईने पहिल्याच दिवशी पापड घातले आणि संध्याकाळी जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकवलं की नवी गच्ची पूर्वीसारखी भाजत नाही, पापडाला आता जास्त वेळ लागतो. दिनानाथांकडे नवा पंखा आला. तो इतका हळू आवाज करायचा की मालिनीवहिनी तो चालू आहे का हे बघायला मान वर करायच्या.

कौसाबाईंना फरक कळला तो एका सुट्टीच्या दिवशी, दुपारची भांडी घासून झाल्यावर. त्या हात पुसत बाहेरच्या खोलीत आल्या आणि चटईवर आडव्या झाल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण आडव्या झालो आहोत. या खोलीत एप्रिलच्या दुपारी अंग टाकणं त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. जिन्याच्या वळणावर नाहीतर बनूबाईच्या दारात बसून ऊन उतरायची वाट बघायची, हीच सवय. घर काही थंडगार झालं नव्हतं. बाहेर होतं तेवढं ऊन आतही जाणवत होतं, पण त्याहून जास्त नाही. खिडकीवरच्या छज्ज्याची सावली जमिनीवर पडली होती.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. त्यांनी राजरत्न घरी यायची वाट पाहिली आणि तो चपला काढतो न काढतो तोच विचारलं, मग कधी आणतोस त्यांना?

"बघू," राजरत्न म्हणाला. "दात येतायत तिला."

पुढच्या आठवड्यात विचारलं तेव्हा रखमाबाईंचे गुडघे दुखत होते. त्यानंतर विचारलं तेव्हा तो मोरीत डबा घासत होता. पाठ न वळवता तो म्हणाला की मे महिना जाऊ दे आई, मग पाहू.

मे महिना जाऊ दे. कौसाबाई आत गेल्या आणि घडी केलेले कपडे पुन्हा उलगडून त्यांची घडी घालत बसल्या. वर्षभर त्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं ते छत आता पांढरं होतं. उद्या जिन्यात कुणी विचारलं, सून कधी येणार, तर बोट कुठे दाखवायचं?

खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मीनलनेही कुणाला सांगितलं नसावं, कारण राजरत्न कधी त्यावर बोलला नाही.

मीनल लग्नाआधीपासून रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. बाळंतपणानंतर ती कॅम्प दोनच्या लॅबमध्ये पुन्हा रुजू झाली तेव्हा कौसाबाईंच्या मनात नव्हतं. त्यांनी स्वतः राजरत्नला शेजारणींच्या भरवशावर टाकून शाळेतले वर्ग झाडले होते. आपल्या सुनेला तसं करावं लागू नये, एवढंच त्यांना वाटायचं, आणि ते त्या बोलूनही दाखवायच्या. मीनल ऐकून घ्यायची आणि सकाळी डबा भरून निघायची. तो तिचा पहिलाच आठवडा होता. कौसाबाईंनी रजा टाकून बाळाला सांभाळलं होतं. दुपारी पोर तापली, डोळे फिरवायला लागली. राजरत्नचा फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये. मीनल फोन उचलत नव्हती. बनूबाई आणि आणखी दोघीतिघी धावून आल्या, ओली फडकी गुंडाळून सगळ्यांनी पोरीला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी परत आणलं तेव्हा ती दूध प्यायला लागली होती. खोलीत अजून बायका बसल्या होत्या. तेवढ्यात जिन्यात धावत येणारी पावलं वाजली. कौसाबाईंनी पोरीला खांद्यावर घेऊनच दार उघडलं.

"आता आलीस?"

दोनच शब्द. मीनल दारात उभी होती, ओढणी खांद्यावरून निसटलेली, हातात पर्स तशीच. तिने बायकांकडे पाहिलं, मग सासूकडे. मुलीला घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. डॉक्टरांनी थंड जागेचं सांगितलं होतं ते खरंच होतं. बदलापूरचं झाडही खरं होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. आणि कौसाबाईंच्या मनातून एक गोष्ट जात नव्हती. राजरत्न लहान असताना त्या कितीतरी वेळा उशिरा घरी आल्या होत्या, कधी त्याचं डोकं फुटलेलं असायचं, कधी तो रडून झोपलेला असायचा. शेजारणी त्याला उचलून त्यांच्या हातात द्यायच्या. दारात असं कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

त्या वर्षभरात मीनलशी त्यांचं बोलणं व्हायचं ते राजरत्नच्या फोनवरून, स्पीकर लावून, आणि तेही राजसीबद्दल. जेवली का, बोलते का, पाय टाकते का. मुलांच्या परीक्षा संपून शाळा शांत झाली तेव्हा एका दुपारी कौसाबाईंनी पायरीवर बसून स्वतःच्या फोनवरून मीनलला फोन लावला. नंबर राजरत्नकडून कधीचा घेऊन ठेवलेला होता.

पलीकडे मीनल आधी घाबरली. सगळं ठीक आहे ना, तिने विचारलं. कौसाबाईंनी ठीक आहे म्हणून सांगितलं. पलीकडे कुठेतरी यंत्राचा घरघर आवाज येत होता.

"छताचं काम झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "राहायला नको येऊस. एक दुपार ये. बसून जा नुसती."

यंत्राची घरघर तेवढी येत राहिली.

"बरं," मीनल म्हणाली. "रविवारी येईन."

रविवारी ते तिघं रिक्षाने आले. ऊन भरात होतं. राजसी आता चालत होती. तिने खोलीभर फिरून घेतलं, माठाला हात लावून पाहिला, आजीकडे लांबून बघितलं, मग जवळून बघितलं आणि तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. कौसाबाईंनी तिला उचलायची घाई केली नाही. वरणभात मऊ करून ठेवला होता, तो तिने मीनलच्या हातून खाल्ला, शेवटचे दोन घास आजीच्या हातून. मग चटईवरच कलंडून झोपली. राजरत्नला कौसाबाईंनी दही आणायला पाठवलं. घरात दही होतं, पण तो पिशवी घेऊन गेला.

मीनल मुलीच्या शेजारी बसली होती. मधूनच राजसीच्या कपाळावरून, मानेवरून हात फिरवत होती. घाम नव्हता. तिने वर पाहिलं. स्लॅबला आतून चुना दिलेला होता, डाग दिसत नव्हते.

"फरक पडलाय खरंच," ती म्हणाली.

"हो. बनूबाई म्हणते, पापड वाळत नाहीत."

मीनल किंचित हसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मुलीकडेच बघत म्हणाली,

"आई, मी उन्हामुळे गेले नव्हते."

"ठाऊक आहे मला."

मीनलने मान वर केली. तिने ज्या उत्तराची तयारी केली होती ते हे नसावं.

"मग हे सगळं? राजरत्न सांगत होता, तुम्ही घरोघर फिरलात. पाट्या वाहिल्यात."

कौसाबाईंनी चटईची एक सुटलेली काडी पुन्हा आत खोचली. ती पुन्हा बाहेर आली.

"बोलले ते काही परत घेता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "छताचं करण्यासारखं होतं. ते केलं."

खाली कुणीतरी मोटर चालू केली. पाणी वर चढायला लागल्याचा बारीक आवाज पाइपातून आला. राजसी झोपेत कूस वळली. दोघींचे हात तिला थोपटायला एकदम पुढे झाले आणि मीनलचा आधी पोचला.

"मी लॅबमध्ये जाते परत," मीनल म्हणाली. "दिवाळीपासून. बदलापुरातल्याच. मीच त्याला म्हटलं, तुम्हाला सांगू नको."

फोनमधला तो घरघर आवाज कौसाबाईंना आठवला. हिला कोण बघतं मग, त्यांनी विचारलं. मीनलने सांगितलं की तिची आई बघते, आणि आईचे गुडघे दुखतात ते खरंच दुखतात. तिच्याकडून आता होत नाही. पुढचं मात्र ती सासूच्या तोंडाकडे बघून म्हणाली.

"जूनपासून विठ्ठलवाडीला आमचं नवीन सेंटर सुरू होतंय. मला विचारलंय त्यांनी. सकाळी सात ते दोन. मी हो म्हणणार आहे."

इथून विठ्ठलवाडी जवळ. हे दोघींनाही माहीत होतं, आणि दोघींनीही ते म्हटलं नाही. कौसाबाईंची नजर मुलीवर होती, ओठ मात्र जरासे हलत होते. मीनलने पर्स ओढून मांडीवर घेतली.

"माझी शाळा दुपारची," कौसाबाई म्हणाल्या. "साडेअकराला मला निघावं लागतं. तोवर माझ्याकडे राहील. तू दोनला सुटणार, म्हणजे यायला अडीच. मधल्या वेळाचं काय?"

मीनलची पर्सवरची बोटं थांबली. मग ती हळूच म्हणाली,

"बनूबाई?"

"आवाज फार मोठा आहे तिचा. पण पोरं रमतात. राजरत्न अर्धा तिच्याकडेच वाढला. जेवायचं मी करून ठेवीन, तिने भरवायचं फक्त."

"तिला तिखट देतील त्या."

"ते मी सांगते तिला. आणि राजरत्नची दुपारपाळी असेल त्या आठवड्यात तो घरी असतोच की एक वाजेपर्यंत. त्यालाही येऊ दे जरा भरवायला."

मीनलने पर्स खाली ठेवली आणि चटईवर पाय लांब केले. आल्यापासून ती मांडी घालून बसली होती. त्या आठवड्यात एक वाजल्यानंतर दीड तासच राहतो, ती म्हणाली. कौसाबाई म्हणाल्या, दीड तासाला बनूबाई पुष्कळ. मग राजसी दुपारी किती झोपते, उठल्यावर रडते का, दूध कपातून पिते की बाटलीतून, असं एकेक त्या विचारत गेल्या आणि मीनल सांगत गेली. मध्येच एकदा दोघी एकदम बोलायला लागल्या आणि दोघी थांबल्या.

दार उघडंच होतं. राजरत्न दह्याची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा होता. आत यायच्या आधी या दोघींचे चेहरे बघायची त्याला सवय लागून गेली होती. त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. काही कळेना.

"काय झालं?"

"काही नाही," मीनल म्हणाली. "हळू बोल, झोपलीये ती. दुपारचं ठरवतोय आम्ही."